मापाची वही

आजोबांची मापाची वही माझ्या कपाटात आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदारांच्या खातेवहीसारखी लांबुळकी, एक कोपरा उंदरानं कुरतडलेली. मी चौतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं, मराठी माझी आईची, हिंदीतलं बरंच कळतं. पण ही वही मला वाचता येत नव्हती. ती उजवीकडून डावीकडं लिहिलेली आहे. आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. त्यांच्या शाळेत चौथीपुढचं सगळं, गणितापासून भूगोलापर्यंत, उर्दूत होतं.

गंगाखेडच्या बाजारात आमचं शिंपीकामाचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. अर्धी फळी रस्त्याकडं उघडी, मधोमध मशीन, भिंतीला खुंटीवर गज आणि कात्री. मागच्या दारातून स्वयंपाकाचा धूर यायचा. शाळा सुटली की मी तिथं काज-गुंड्या करायला बसायचो. सुईपेक्षा कान जास्त चालायचे.

हे सगळं आठवलं ते शेक्सपिअरमुळं. काही वर्षांपूर्वी बारावीच्या वर्गात एका पोरानं विचारलं, "सर, हा शेक्सपिअर कितवी शिकलेला?" वर्ग हसला. पोरगा हसला नाही. एकांकिकांमध्ये कामं करायचा, बाप बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली. त्याचा खरा प्रश्न मला ऐकू आला होता: शिकलं नाही तरी भागतं का? मी तासाची घंटा होईपर्यंत काहीतरी बोललो. घरी येताना लक्षात आलं, की आपण त्याला दिलेलं उत्तर गाईडातलं होतं.

नीट सांगायचं तर सुरुवात बापापासून करायला हवी. जॉन शेक्सपिअर हा स्नीटरफील्ड नावाच्या खेड्यातून स्ट्रॅटफर्डला आलेला शेतकऱ्याचा मुलगा. धंदा हातमोजे शिवण्याचा, आणि त्यासाठी कातडं तुरटी-मिठात मुरवून पांढरं, मऊ करण्याचा. हेन्ली स्ट्रीटवर घर, घरातच दुकान. इतिहासात त्याची पहिली ठळक नोंद सापडते ती १५५२ सालची, रस्त्यावर उकिरडा केला म्हणून झालेल्या एक शिलिंग दंडाची. (जगातल्या सगळ्यात थोर नाटककाराच्या घराण्याची कागदोपत्री एन्ट्री अशी उकिरड्यावरून व्हावी, हे मला फार आवडतं.) पुढं मात्र माणूस चढत गेला. गावच्या दारूची चव तपासणारा, मग खजिनदार, मग नगरसभेचा सदस्य, आणि १५६८ ला बेलिफ, म्हणजे नगराध्यक्षच. पण कागदावर सही करायची वेळ आली की हा नगराध्यक्ष अक्षरं लिहीत नसे. सहीच्या जागी कर्कटकाचं चित्र काढायचा. हातमोज्यांचं माप आखायला लागतं, ते कर्कटक.

त्या चित्राशी मी पहिल्यांदा थबकलो, तेव्हा मला आमच्या भिंतीवरचा गज दिसला.

थोरला म्हणून विल्यम या घरात वाढला, तो खरं तर तिसरा. आधीच्या दोन बहिणी लहानपणीच गेल्या. याचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ चा. त्याच वर्षी जुलैत चर्चच्या वहीत मृताच्या नोंदीशेजारी लॅटिनमध्ये लिहिलंय, इथून प्लेग सुरू झाला. दीडेक हजार वस्तीच्या गावात दोनशेच्या वर माणसं गेली. तान्हं वाचलं. आमच्याकडं अशा पोराचं नाव धोंड्या ठेवतात आणि नाक टोचतात.

मग दुकान. चरित्रकार या दुकानावरून फार लवकर शाळेकडं वळतात, असं माझं मत आहे. दुकानात वाढलेल्या पोराला एक गोष्ट फुकट मिळते: माणसं कशी बोलतात, याचा दिवसभर चालणारा तास. आमच्या फळीवर सकाळी पोलीसपाटील बसायचा, त्याची भाषा वेगळी. दुपारी परकराचं कापड घेऊन लमाणबाई यायची. जोशीबुवा उधारी मागू नये म्हणून आधीच पंचांग सांगायला लागायचे. माप घेताना आजोबा गप्प असत. म्हणत, "माप घेताना गिऱ्हाइकाला बोलू द्यावं. गप बसलेला माणूस पोट आत वढून घेतो, मग सदरा बसत न्हाई." नाट्यलेखनावरचं याहून शहाणं वाक्य मी नंतरच्या वाचनात क्वचितच पाहिलं.

कापडाचं एक शास्त्र असतं. उलटी-सुलटी बाजू बोटांना कळावी लागते. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, पुढं अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला आमच्यात 'माया' म्हणतात. माया न ठेवणारा शिंपी चोर समजला जातो. शेक्सपिअरच्या एका सुखांतिकेत विदूषक म्हणतो, की हुशार माणसाच्या हाती वाक्य म्हणजे करडाच्या कातड्याचा हातमोजा. किती पटकन त्याची आतली बाजू बाहेर करता येते! दुसऱ्या एका नाटकात कुणाची तरी दाढी कशी, तर हातमोजेवाल्याच्या रापीसारखी गोल. या उपमा ग्रंथालयात बसून सुचत नाहीत. बापाच्या दुकानाचा वास अजून नाकात असावा लागतो.

आता शाळा. चर्च स्ट्रीटवर गिल्डहॉल आहे, त्याच्या माडीवर किंग्ज न्यू स्कूल भरायची. १५५३ च्या राजपत्रानं तिला नवं रूप आलेलं. गावच्या मुलांना फी नाही, आणि मास्तरला वर्षाला वीस पौंड पगार व राहायला घर. त्या मानानं तो पगार चांगलाच होता, त्यामुळं मास्तर ऑक्सफर्डचे पदवीधर मिळत. त्या काळचे विद्यार्थ्यांचे पट शिल्लक नाहीत. तो तिथं शिकला हा तर्क आहे, पण नगराध्यक्षाच्या मुलानं पाव मैलावरची फुकट शाळा सोडून दुसरीकडं जाण्याचं कारण नव्हतं. उन्हाळ्यात सकाळी सहाला शाळा, हिवाळ्यात सातला, आणि संध्याकाळी पाचपर्यंत. पाठीवर छडी. आणि शिकवायचं काय? लॅटिन. विल्यम लिलीचं व्याकरण, तेही सरकारी हुकमानं सगळ्या राज्यात एकच. मग प्लॉटस आणि टेरेन्सची नाटकं, सिसरो, व्हर्जिल, ओव्हिड, सगळे जुने रोमन लेखक. वरच्या वर्गात आपसांत बोलायचं तेही लॅटिनमध्येच. मातृभाषेचा तास नव्हता.

घोकंपट्टीच ती. पण तिच्यात तीन कसरती अशा होत्या, की नाटककार घडवायला मुद्दाम आखल्यात असं वाटावं. एक, लॅटिन उतारा इंग्रजीत करायचा, मूळ मिटून ठेवायचं, आणि आपल्याच इंग्रजीवरून तो परत लॅटिनमध्ये न्यायचा. दुसरी, एकच वाक्य जितक्या तऱ्हांनी सांगता येईल तितक्यांनी सांगायचं. इरॅस्मस या पंडितानं 'तुझं पत्र वाचून फार आनंद झाला' एवढंच वाक्य शंभराहून जास्त प्रकारे लिहून दाखवलंय. आणि तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: एखाद्या प्रश्नाची आज ही बाजू मांडायची, उद्या तितक्याच ताकदीनं विरुद्ध बाजू, किंवा ट्रॉय जळाल्यावर म्हाताऱ्या राणी हेक्युबाला काय वाटलं असेल, ते तिच्या तोंडून लिहायचं. अकरा-बारा वर्षांच्या पोरानं, सकाळच्या थंडीत, छडीच्या धाकानं, नवरा आणि लेकरं मेलेली बाई व्हायचं. हॅम्लेटमध्ये नट हेक्युबाचं दुःख म्हणताना रडतो आणि राजपुत्र चक्रावतो, की हेक्युबा याची कोण लागते? ती शाळेतली गृहपाठाची बाई होती, असं मला आपलं वाटतं.

घोकंपट्टीबद्दल हे बोल मी सेवेत असताना एखाद्या कार्यशाळेत काढले असते, तर दुपारचा चहासुद्धा मिळाला नसता. आणि तिची भलामण करायची नाहीच मला. त्या माडीवरून शेकडो पोरं उतरली, शेक्सपिअर एकच झाला. बाकीचे हातमोजे शिवत राहिले.

आजोबांची शाळा साधारण १९२५-३० च्या सुमाराची, परभणीची. प्राथमिकला 'तहतानिया', पुढच्या वर्गांना 'वस्तानिया' म्हणत. मामाकडं राहून शिकले. फारसीही होती; क्रियापदं पाठ करताना 'आमद, आमदन्द, आमदी, आमदीद' असं मोठ्यानं म्हणावं लागे. सुटीत गंगाखेडला आले की अंगणात फेऱ्या मारत तेच. चुलीपुढून त्यांची आई ओरडायची, "आरं आमटीच चाललीय मघापून, भाकरीचं बी बघ की!" हा किस्सा आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. पुढं शेक्सपिअरच्या विंडसरच्या बायकांच्या नाटकात एक प्रवेश वाचला. विल्यम नावाचाच शाळकरी पोरगा, त्याला लॅटिनच्या विभक्ती विचारणारा पाद्री, आणि बाजूला उभी एक घरकामाची बाई, जी प्रत्येक लॅटिन शब्दाचा घरगुती, बहुतेकदा चावट अर्थ लावून मास्तरला झापते. मी वाचता वाचता थांबलो. आमची पणजी तिथं उभी होती.

हीच मला सांगायची गोष्ट आहे. शेक्सपिअरला शाळेनं घडवलं की घरानं, हा वादच मला पटत नाही. त्याला त्या जिन्यानं घडवलं. वर माडीवर मेलेल्या रोमनांची भाषा, खाली उतरलं की कातड्याचे भाव, आईच्या माहेरच्या शेतीची बोली, बाजारातल्या शिव्या. पोरगा दिवसातून दोनदा एका भाषेतून दुसरीत चढत-उतरत होता. मॅकबेथच्या हाताला राजाचं रक्त लागतं तेव्हा तो म्हणतो, हा हात समुद्र रंगवून टाकील. ते सांगताना आधी दोन लांबलचक, माडीवरचे लॅटिन घराण्यातले शब्द येतात. आणि लगेच पुढच्या ओळीत, जणू खाली दुकानात उभ्या माणसालाही कळावं म्हणून, एकेक अक्षराचे साधे शब्द: हिरव्याचं लाल. पंडिताला एकच ओळ सुचली असती, अडाण्याला दुसरी.

आमच्याकडं हे नवं नाही. पैठण गंगाखेडच्या वरच्या अंगाला, त्याच गोदावरीवर. एकनाथांनी १५९९ ला देह ठेवला. त्याच साली थेम्सच्या दक्षिण काठावर ग्लोब नाटकगृह उभं राहिलं. दोघांना एकमेकांच्या देशाचाही पत्ता नसणार. पण नाथांचं बालपण बघा. आईबाप लहानपणीच गेलेले, आजी-आजोबांनी वाढवलेलं पोर. घरात संस्कृत. मग देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडं, जिथं गुरू हाच किल्ल्याचा अधिकारी आणि कारभार फारसीचा. हिशेबातली एका पैची चूक शोधत रात्र जागवल्याची गोष्ट आपण शाळेत वाचतो आणि तिच्यातून चिकाटीचा धडा काढतो. मला त्यात दफ्तर दिसतं, अर्ज, हुकूम, ताकिदी. कारण पुढं याच माणसानं अर्जदस्त नावाचं भारूड लिहिलं, सरकारी फारसी थाटातला अर्जच, ज्यात देह हा 'शरीराबाद' परगणा आहे. हिंदू-तुर्क संवादात दोघांनाही एकमेकांवर तुटून पडू दिलं, एकालाही लुळं केलं नाही. विंचू चावलेली बाई, जोशी, महार, फकीर, मुका, बहिरा, सगळ्यांच्या तोंडून बोलले. आणि संस्कृत देवानं केली तर प्राकृत काय चोरांनी केली, असं पंडितांना विचारलं ते संस्कृत कोळून प्यायल्यावर. जिना तोच.

भारूड मी पहिल्यांदा पाहिलं ते आजोबांच्या मांडीवर बसून, घाटाजवळ, कंदिलाच्या उजेडात. बायकोच्या वेशातला मिशाळ माणूस पाहून रडलो म्हणे. शेक्सपिअर पाच वर्षांचा असताना, बाप बेलिफ होता त्याच काळात, स्ट्रॅटफर्डला पहिल्यांदा व्यावसायिक नाटक कंपन्या आल्या; नगराच्या हिशेबात राणीच्या कंपनीला नऊ शिलिंग आणि वूस्टरच्या सरदाराच्या कंपनीला एक शिलिंग दिल्याची नोंद आहे. असे खेळ गिल्डहॉलमध्ये व्हायचे, म्हणजे शाळेच्या बरोबर खाली. पोरगं तिथं होतं का, हे कुणी लिहून ठेवलं नाही. पण शेक्सपिअरच्याच साली जन्मलेल्या, ग्लॉस्टरच्या विलिस नावाच्या गृहस्थानं म्हातारपणी लिहिलंय, की असा खेळ आपण वडिलांच्या दोन गुडघ्यांमध्ये उभं राहून पाहिला आणि तो मोठेपणीही काल पाहिल्यासारखा आठवत होता.

एक गोष्ट मात्र टोचते. त्या माडीवर मुलींना जागा नव्हती. शेक्सपिअरची बहीण जोन शाळेत गेली नाही. आणि ज्याच्या शब्दांवर जग पोसलंय, त्याची धाकटी मुलगी ज्युडिथ कागदावर सहीच्या जागी खूणच करायची. आजोबांसारखी. म्हणजे तिच्या आजोबांसारखी. माझी आत्या माझ्या आजोबांची थोरली. तिला त्यांनी पाटी दिली नाही. जात्यावर बसली की ती तासभर ओव्या म्हणायची, एकीला एक न जुळणाऱ्या, सासूला शिवी आणि भावाला सोनं एकाच चालीत घालणाऱ्या. मी त्यातल्या पंधरा-वीस लिहून घेतल्या, तेव्हा ती म्हणाली, "माझं तोंड चालतंय तवर तुला कागद कशाला लागायलाय?" ती गेली. त्या पंधरा-वीसच आहेत.

बापाची चढती कमान फार टिकली नाही. विल्यम बारा-तेरा वर्षांचा असताना, १५७६-७७ च्या सुमारास, जॉन नगरसभेच्या बैठकांना यायचा बंद झाला. लोकरीचा चोरटा व्यापार आणि बेकायदा व्याज यांवरून त्याच्यावर आधी खटले झाले होतेच. आता बायकोच्या माहेरची जमीन गहाण पडली. सहकाऱ्यांनी दहा वर्षं नाव पटावर ठेवलं, मग काढलं. १५९२ च्या एका यादीत तो चर्चला न येणाऱ्यांत आहे. कारण लिहिलंय, कर्जाच्या वसुलीची भीती.

पडता बाप बघणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. ज्या गावात मिलोची भाकर आणि सुकडी खाऊन दिवस काढतात, तिथं नवं कापड कोण शिवणार? आजोबा मशीनवर बसून राहिले, आणि वडील खडी फोडायला गेले. संध्याकाळी आले की सुईत दोरा ओवता येत नसे, बोटं फुटलेली. ते मला म्हणत, तू ओव. मी मान वर न करता ओवायचो. राजे, सरदार, म्हातारे बाप यांना शेक्सपिअरनं नाटकानाटकातून उतरवलं, उघडं पाडलं, वादळात नेऊन उभं केलं. त्याचं सगळं मूळ हेन्ली स्ट्रीटवर शोधणं हा भाबडेपणा आहे, कळतं मला. तरी लिअर शिकवताना माझा आवाज कुठं बसायचा, ते विद्यार्थ्यांना माहीत होतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक. अठराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत मुलगी, मग जुळी, विद्यापीठाचं तोंड न पाहता लंडन. तिथं १५९२ साली दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या मिरवणाऱ्या रॉबर्ट ग्रीनच्या नावानं छापलेल्या पुस्तिकेत त्याला उपरा कावळा म्हटलं, आमच्या पिसांनी नटलेला. मी बी. एड.ला पुण्याला गेलो तेव्हा 'सर, मी पाठ काढायलोय' म्हणालो की वर्ग फुटायचा. कावळ्याचं दुःख मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही. पण लंडनमध्ये त्याची पहिली कविता १५९३ ला छापली कुणी? रिचर्ड फील्डनं. स्ट्रॅटफर्डच्याच कातडी कमावणाऱ्याचा मुलगा, तीनेक वर्षांनी मोठा. फील्डचा बाप वारला तेव्हा त्याच्या सामानाची किंमत ठरवायला गेलेल्यांत जॉन शेक्सपिअर होता. परक्या शहरात मराठवाड्याच्या पोराला पहिली खोली गाववालाच देतो, तसं हे.

तो प्रश्न विचारणारा पोरगा बारावीला इंग्रजीत काठावर पास झाला. आता पुण्यात मालिकांचे संवाद लिहितो. फोनवर माझ्याशी अजून 'काय करायलाव सर' असंच बोलतो. मागून कुणी दिग्दर्शक हाक मारतो तेव्हा त्याचं मराठी झटकन बदलतं. ते बदलताना ऐकायला मला आवडतं.

वही शेवटी गेल्या दिवाळीनंतर परभणीला घेऊन गेलो. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी ओळखीचे आहेत, नव्वदीला टेकलेले. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान वाचायला घेतलं आणि अडखळले. पुन्हा वाचलं. मग हसायला लागले. म्हणाले, "सर, हुरूफ उर्दूचे आहेत. जबान तुमची आहे. तुमच्या आजोबांनी सगळी मराठी लिहून ठेवलीय यात."

मग ते वाचत गेले आणि मी लिहून घेत गेलो. प्रत्येक मापाशेजारी एक-दोन शब्द. 'उजवा खांदा उतरता.' 'बोलतो लई, देतो कमी.' 'पोट लपवतो.' 'बाईचा दंड सुजलेला, बाही सैल. विचारू नये.' संबंध बाजार त्या वहीत उभा होता. शेवटून चौथ्या पानावर, बहात्तरच्या जूनमधली एक नोंद निघाली. गुरुजींनी ती दोनदा वाचली.

'नातू. शाळेची चड्डी. कंबर २१. कापड जुनं, बापाचं. माया चार बोटं.'